चार्टवरच्या उड्या

शेअरबाजार साडेतीनला बंद होतो आणि अडीच वाजून गेले होते. कुंदननं एफडी मोडायचा फॉर्म बायकोसमोर ठेवला, त्यावर पेन ठेवलं. पाच लाखांची एफडी, दोघांच्या नावावर. त्याची सही झाली होती. काशीचीच राहिली होती.

काशी म्हणाली, आधी दाखवा तरी, पैसे जातात कुठं.

त्याच्या मोबाईलची काच फुटलेली, म्हणून त्यानं ब्रोकरचं ॲप पोरीच्या मोबाईलवर उघडून दिलं. मनस्वी यंदा बारावी झाली. पोरगी वाचून दाखवेल, मग आई गप्प सही करेल, असा त्याचा हिशोब. त्याच्या खात्यात एकूण किती रक्कम आहे त्याचा चार्ट, खाली बटणं होती. एक दिवस, एक महिना, एक वर्ष, सगळं.

"ते एक दिवसाचं दाबू नको," कुंदन म्हणाला. "शेवटचं दाब."

मनस्वीनं दाबलं. रेष खालच्या कोपऱ्यातून निघाली आणि वर गेली. कुंदनचा चेहरा जरा सैल झाला. वर्षापूर्वी शून्य होतं, आज साडेचार लाख हाय, म्हणाला. पावणे एमआयडीसीतल्या कंपनीत फोर्कलिफ्टवर बसून तो हीच रेष बघायचा. जेवताना बघायचा, संडासात बघायचा. आज भाव पडलेत, आजच घ्यायला पायजे, बँक पाच मिनिटांवर हाय.

काशीला इंग्लिश येत नाही. पण वीस वर्षं कोपरखैरण्याच्या बाजारात मासळी विकलेली बाई. तराजूला कोणी बोट लावलं तर तिला लांबून कळतं. तिनं मान वाकडी करून रेष बघितली. रेष चढत नव्हती. एकदम उडी मारत होती, मग हळूहळू उतरत होती. परत उडी, परत उतार.

पहिल्या उडीवर तिनं बोट ठेवलं. मनस्वीनं तिथं अंगठा दाबून तारीख वाचली. चोवीस सप्टेंबर, तीन लाख दहा हजार.

"गनपती गेले आन आपला टेम्पो गेला," काशी म्हणाली. "त्याचं हे."

दुसरी उडी एप्रिलची निघाली. एकवीरेला जाऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवसाची. काशीनं स्वतःच्या मनगटाकडं बघितलं. पाटल्यांचे वळ अजून गेले नव्हते.

"म्हंजे ही आपोआप चढत नाय. आपन घरातलं काय तरी टाकतो, तवा चढते."

कुंदन चिडला. तुला काय कळतं चार्टमधलं, मधे खाली येतंच, धीर पायजे माणसाला. बोलताना डोळे घड्याळावर.

"धरते की धीर. ही तिसरी कशाची तेवढं सांगा. जुलैत आपन काय इकलं?"

"काय नाय. बाजार वर गेला त्या दिवशी."

मनस्वीनं अंगठा तिसऱ्या उडीवर नेला. सतरा जुलै, तीन लाख चाळीस हजार. अठरा जुलै, चार लाख ऐंशी. तिनं मनात वजाबाकी केली. मग परत केली.

एक लाख चाळीस हजार तिला पाठ होते. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची फी. पप्पांनी भरली होती. म्हणजे भरली म्हणून सांगितलं होतं. पावती मेलवर येईल, रोज तेच सांगत होते. पांढरा ड्रेस शिवून पण आला होता, सोमवारी कॉलेज सुरू होणार होतं.

किती गं, काशीनं विचारलं. मनस्वीनं आकडा सांगितला.

काशीनं पेनाला टोपण लावलं.

कुंदन घाईघाईनं सांगायला लागला. महिन्यात काढून भरणार होतो, जरा वर आलं की लगेच, कॉलेजवाले थांबतात, एवढं काय. मग त्याचं त्यालाच थांबायला लागलं.

"पप्पा," मनस्वी म्हणाली, "मग सोमवारी मी कुठं जाऊ?"

कुंदन तिच्या हातातल्या मोबाईलकडंच बघत राहिला. वरचा आकडा अजून खालीवर होत होता.