जरा वरून जात जा

बुधवारी संध्याकाळी सरावाचं लष्करी हेलिकॉप्टर खाडीवरून गेलं, की लोरेटाच्या कपाटातल्या कपबशा किणकिणायच्या. ते चालवायचा तिचाच मुलगा, ड्वेन.

"जरा वरून जात जा रे, फुटतील," ती एकदा म्हणाली.

"लेकापेक्षा कपबशाच लाडक्या तुझ्या," तो हसला. "बरं, जाईन वरून."

पुढच्या बुधवारी तो नेमून दिलेल्या उंचीच्या वर गेला आणि विमानतळावर उतरणाऱ्या प्रवासी विमानावर आदळला.

खाडीवरचा मार्ग तेव्हापासून बंद आहे. तरी आज, बुधवारी, आभाळ रिकामं असताना कपबशा किणकिणल्या. लोरेटाने एकूण एक कपबशी काढून फरशीवर फोडली.

"संपल्या बघ," ती छताकडे बघत म्हणाली. "आता खालूनच ये, राजा."

रिकाम्या कपाटातली किणकिण थांबली नाही. तो आवाज हळूहळू छताकडे, वर वर जाऊ लागला.