हात वर

वर्गात एकतीस मुलं होती, सतरा मुली आणि चौदा मुलगे. दाक्षायणीबाईंनी सकाळपासून तीनदा मोजली होती. पंचायत समितीचा ठराव साधा होता : कन्नड मातृभाषेची वीस मुलं भरली तर सीमेजवळच्या या गावातला कन्नड वर्ग राहील, नाहीतर जूनपासून सगळी मराठीत बसतील.

मोजायला अकलूजकडचे विस्तार अधिकारी आले होते.

"बाई, तुमी दारापाशी उभ्या राहा. तोंडातून शब्द काढायचा न्हाय. मागच्या गावात मास्तरनं पोरं पढवून ठेवली होती, लई हसं झालं आमचं."

बाई दारापाशी गेल्या. वीस हवीत, एकतीस आहेत. तरी त्यांनी चौथ्यांदा मोजली.

अधिकाऱ्यांनी मराठीतला कागद वाचला, "ज्यांची मातृभाषा कन्नड आहे, त्यांनी हात वर करावेत."

चार हात वर आले. बाकीची मुलं साहेबांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"साहेब, मी एकदा त्यांना..."

"बाई, सांगितलं की. आणखी एक शब्द बोललात तर मोजणी रद्द, आन् वर्गबी."

पहिल्या रांगेतली काशम्मा मान वळवून बाईंना हळूच कन्नडमध्ये म्हणाली, "अक्कोरे, हे काय विचारतायत?"

बाईंनी ओठ दाताखाली धरला.

"ए पोरी, गप बस," म्हणत अधिकाऱ्यांनी टोपण काढून नोंद केली : हजर मुले एकतीस. कन्नड मातृभाषा, चार.