अटेंडर कोण?

"अटेंडर यारू? कोण आहे सोबत?" डॉक्टर गुरुराज खोलीत शिरता शिरताच म्हणाले. बेंगळुरूच्या दवाखान्यात ही रीतच आहे. पेशंटची चौकशी मागाहून, आधी सोबतचं माणूस.

प्रमोदिनी उठून उभी राहिली. कॉटवर तिचा नवरा, विलास. घशात गाठ. श्वास कोंडला म्हणून गळ्याला भोक पाडून नळी घातलेली. आवाज तेवढा बंद, बाकी शुद्ध लख्ख होती.

"दोन वाटा आहेत," डॉक्टर हिंदीत म्हणाले, तेही तिच्याकडेच बघत. "किरणांचा शेक दिला तर आवाज बहुतेक परत येईल. ऑपरेशन केलं तर स्वरयंत्रच जाईल. जगायची आशा दोन्हीकडे सारखीच."

विलासच्या जिवात जीव आला. मग प्रश्नच मिटला! मारतहळ्ळीच्या गणेश मंडळात माईक कायम त्याच्याच हातात. घरातही बोलणार तोच. अहो, बायकोच्या आजारपणातसुद्धा तोच बोलला होता! गोळ्यांनी भागलं असतं. तिला अजून एक मूल हवं होतं. पण रोजची कटकट कोण सोसणार? "पिशवी काढून टाका," तो डॉक्टरांना म्हणाला. प्रमोदिनी नको नको म्हणून मान हलवत राहिली. "घाबरलीय ती. तिला काय विचारता?" घरी सोडताना काउंटरवरच्या मुलीने तिला विचारलं, "मॅडम, समाधानी ना?" उत्तर यानेच दिलं, "एकदम खूश आहे ती!"

हे सगळं तो केव्हाच विसरला होता.

सुई नसलेल्या हाताने त्याने तिची ओढणी धरली. शेक, शेक, असे ओठ हलवले. तिला नीट कळलं. तिने ओढणी हळूच सोडवून घेतली.

"काढून टाका, डॉक्टर."

विलासने जिवाच्या आकांताने मान हलवली. नळीतून नुसती फुसफुस.

"घाबरलेत ते," ती म्हणाली.

"घाबरतातच सगळे. सरी, ठरलं तर," म्हणत डॉक्टर पुढच्या खोलीकडे गेले.

घरी जायच्या दिवशी दवाखान्यातली एक मुलगी हसतमुखाने कॉटपाशी आली. "सर, निर्णय तुम्हाला विचारूनच घेतला ना? समाधानी आहात?"

विलासने तोंड उघडलं. गळ्याच्या भोकातून वारा आला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

प्रमोदिनीने ते ओढणीने मायेने पुसलं.

"त्यांना काय विचारता? एकदम खूश आहेत ते!"