बाहेरचं बटण

घर सोडायच्या दिवशी घरमालकीणबाई बाथरूमच्या दारात अडून बसल्या. "दिव्याचं बटण बाहेर होतं. मला न विचारता भिंत फोडून आत नेलंत. आधी होतं तसं करून द्या, मग डिपॉझिटचं बोला."

"हिचे उद्योग, काकू," नवरा हसून म्हणाला. "मी कामावर असताना वायरमनला बोलावून परस्पर करून घेतलं."

"अगं, ओल्या हाताने बटण दाबायचं म्हणजे जिवाशी खेळ. बाहेर होतं ते काय वाईट होतं?"

"मला अंधाराची भीती वाटते, काकू," ती खाली बघत म्हणाली.

"मग अंधार करतंय कोण तुझ्यावर?" बाई हसल्या. नवराही हसला.

दुपारी वायरमनने बटण परत बाहेर आणून दिलं. बाईंचं समाधान झालं. डिपॉझिट आणायला त्या खाली गेल्या. राहिलेली बादली आणायला ती आत शिरली, आणि दिवा गेला. बाहेरून कडी लागली. ती ओरडली नाही. ओरडलं की जास्त वेळ ठेवतो, हे तिला ठाऊक होतं.

"चालतंय बटण," दारापलीकडून नवरा शांतपणे म्हणाला. "नवं घर मी नीट बघूनच घेतलंय. तिथलंही बाहेरच आहे."