शेजारीण

“हे बघ, तुझी लेक कशी गप्पा मारतेय!” ताईने मोबाइल इस्त्रीवालीपुढे धरला.

लस टोचून झाली की मुलांच्या दवाखान्यातली ही ताई आई-बाळाला मागच्या खोलीत चटईवर बसवी, एक खुळखुळा देई आणि पाच मिनिटं त्यांचं खेळणं मोबाइलवर टिपून घेई. मग ते आईसोबत बघायचं. चूक दाखवायची नाही, जमलं असेल तेवढंच दाखवायचं, असा तिथला नियम. आईच्या चुका काढायला घरदार बसलेलंच असतं, त्यात आणखी भर कशाला?

आज दाखवण्यासारखं फार काही नव्हतं. इस्त्रीवाली अवघडून बसली होती. तिने दोनदा हाक मारली, खुळखुळा वाजवला; अकरा महिन्यांच्या लेकीने ढुंकूनही पाहिलं नाही. “कान चांगले आहेत म्हणतात डॉक्टर. मग माझ्याकडेच का बघत नाही हो?” असं तिने काकुळतीने विचारलं होतं. म्हणून ताईने चित्रणातून नेटाने शोधून ही अर्ध्या मिनिटाची जागा काढली होती.

“बघ, ती बोलते. थांबते. पुन्हा बोलते. समोरच्याचं ऐकून घ्यायचं, मग आपण बोलायचं, हे कुणी पोटातून शिकून येत नाही. रोज तासन्‌तास कुणीतरी बोलत बसलं की येतं. तू कामावर गेलीस की शेजारीण सांभाळते म्हणालीस ना? भलतीच बोलकी दिसते बाई तुझी शेजारीण!”

इस्त्रीवाली हसली नाही. तिने दाराकडे एकदा पाहून घेतलं.

“ताई, कुणाला सांगणार नाही ना? शेजारीण वगैरे कुणी नाही. सकाळी सातला हिला मऊ कापडाने खाटेच्या पायाला बांधते आणि बाहेरून कडी लावते. दुपारी धावत येऊन दूध पाजते, की परत. करू तरी काय? इस्त्रीच्या खोलीत बाळ आणू देत नाहीत.”

ताईच्या ओठांवर रागाचे शब्द आले होते, ते तिने गिळले. काहीतरी करायचं म्हणून तिने चित्रण पुन्हा लावलं. पोरगी हसली, गप्प झाली, मान कलती करून ऐकत राहिली. आईचे ओठ तर मिटलेले होते. आणि पोरगी आईकडे बघतही नव्हती. तिची नजर आईच्या शेजारी, चटईच्या रिकाम्या बाजूला होती. कुणी मांडी घालून बसलं तर चेहरा जिथे येईल, बरोबर तेवढ्या उंचीवर.

ताईने झटकन मोबाइल पालथा घातला, पण इस्त्रीवालीने पाहायचं ते पाहिलं होतं. आता ही बाळाला उचलून पळत सुटणार, असं ताईला वाटलं. इस्त्रीवालीने मात्र मोठा सुस्कारा सोडला.

“म्हणजे दिवसभर एकटी नसते,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

मग ती चटईच्या रिकाम्या बाजूकडे वळली आणि घरातल्या मोठ्या माणसाशी बोलावं तशी अदबीने म्हणाली, “तुमचे फार उपकार आहेत. फक्त संध्याकाळी मी घरी आले की तिला माझ्याकडे देत जा. थोडाच वेळ. मी आई आहे हो तिची.”

पोरगी त्या बाजूला कान देऊन बसली. बराच वेळ ऐकत राहिली. मग वळली आणि तिने आईच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

आईने दोन्ही हात पुढे केले.

पोरीने समजूत घालावी तशी सावकाश मान हलवली. नाही.