चरे पडतात म्हणून

“त्या खाचेत नोका घालू. चरे पडतात,” आई म्हणाली आणि तिनं सीडी पदराआड घेतली.

बाबांचा हात हवेतच राहिला. पवनीच्या त्यांच्या दारात पहिल्यांदाच गाडी उभी होती. जुनी होती, पण डॅशबोर्डला सीडी सरकवायची खाच होती. त्यात दिवाळी नुकतीच झालेली, आणि आज आईच्या माहेरी, कोंढ्याला, मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची नाटकांची जत्रा. अशा दिवशी बाबांना, म्हणजे सेवकरामना, दुसरी कुठलीही सीडी चालणार नव्हती.

कारण त्या सीडीत कोंढ्याच्या मंडईतलं एक जुनं नाटक होतं आणि नायक खुद्द सेवकराम होते. तिसऱ्या अंकात ते नायिकेला सोडून प्रेक्षकांकडे वळले आणि भर मंडपात म्हणाले की, लग्न करीन तर निर्मलेशी. दुसऱ्या दिवशी मोठी माणसं बसली, आईबाबांची सोयरीक जुळली. ही गोष्ट बाबांनी साऱ्या नातेवाइकांना सांगितली होती, एकदा एसटीच्या कंडक्टरलाही. “बाकी नाटक प्रॉम्प्टरच्या तोंडचं,” ते म्हणत. “स्टेजपुढच्या खड्ड्यात बसून तो सांगे, मी वर उभा राहून बोले. ते एक वाक्य मात्र माह्या काळजातलं.” प्रत्यक्षात ते वाक्य सीडीवर घरात कुणी ऐकलं नव्हतं. साउंडवाल्यानं कॅसेटवरून सीडी करून दिली तेव्हा घरचा प्लेअर बंद पडलेला होता, आणि सीडी आईच्या साड्यांखाली गेली होती.

त्यांच्या लेकीला, दामिनीला, ती गोष्ट हल्ली टोचायची. तिच्याच वर्गातल्या अड्याळच्या भूपेंद्रला तिनं आपण होऊन लग्नाचं विचारलं होतं. तो हो म्हणाला होता. बाबाही तयार होते. आई मात्र म्हणाली होती, “मले तुह्या बाबानं विचारलं. पोरीच्या जातीनं आपल्या तोंडानं विचारत असते का? नाही म्हणजे नाही.” तेव्हापासून घरात भूपेंद्रचं नाव निघालं की कुकरची शिट्टीसुद्धा दबकत वाजायची.

पण आत्ता प्रश्न चऱ्यांचा होता, आणि दामिनी भौतिकशास्त्रात बी.एस्सी. होती. कुणी काही ठामपणे म्हटलं की तिला ते तपासून पाहावंसं वाटे. तिनं कॉम्प्युटर क्लासची एक रद्दी सीडी आणली. खाचेत घातली, काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग उन्हात तिरपी धरून पाहिली. एक बारीक चरा चमकला.

“म्हटलं नोतं?” आई म्हणाली. तिला फारच आनंद झाला होता.

“थांब. चरा सरळ आहे. आत फिरताना पडला असता तर गोल पडला असता. म्हणजे हा तोंडाशीच पडला.”

तिनं एटीएम कार्डाला मऊ फडकं गुंडाळून खाचेचे ओठ पुसले. फडकं लालसर धुळीनं माखलं. मग दुसरी रद्दी सीडी घेतली. कितीदा आत-बाहेर केली, तरी ती आरशासारखी राहिली.

“आत रबराचा रोलर असते, आई. अन् वाचते तो नुसता उजेड. तो सीडीले टेकत पण नाही.”

“गाडी हालली तं?”

बाबांनी गल्लीतल्या सगळ्या खड्ड्यांतून गाडी फिरवून आणली. चरा नाही.

“गरम झाली तं?”

“अवो,” बाबा म्हणाले, “तुले चरे नाही पाहाचे. तुले सीडीच नाही लावू द्याची.”

आई मागच्या सीटवर बसली आणि तिनं सीडी पुढे दिली.

पवनी मागे पडल्यावर दामिनीनं ती खाचेला लावली. खाचेनं ती अलगद आत ओढली. आधी खरखर, मग माणसांची गजबज, मग पेटीचे सूर. दामिनीनं बटण दाबत दाबत तिसरा अंक गाठला. बाबांचा तरुण, दणकट आवाज आला. पण त्याच्या एक श्वास आधी दुसराच आवाज येत होता, कुजबुजता. माइक बहुतेक खड्ड्यावरच टांगलेला होता.

“बाबा, प्रॉम्प्टर बाई होती?”

“प्रॉम्प्टर तुहा मामा, पण त्याचा घसा बसला होता. मंग तिसऱ्या अंकाले तुही मायच बसली खड्ड्यात. वाचन गज्जब होतं तिचं.”

आई खिडकीबाहेर शेतातल्या धानाच्या बांध्या पाहू लागली.

सीडीतल्या नायिकेनं विचारलं, “मग कधी करणार माझ्याशी लग्न?”

“लग्न करीन तर,” कुजबूज आली.

“लग्न करीन तर,” बाबा गरजले.

“कोंढ्याच्या निर्मलेशी.”

“कोंढ्याच्या निर्मलेशी.”

मंडपात एकच हशा उसळला. मग नुसत्या शिट्ट्या.

बाबांनी गाडी कडेला घेतली. ते त्या खाचेकडे वळले.

“हे मी नोतो बोललो?”

“तुमीच बोलले,” आई खिडकीतूनच म्हणाली. “मी फक्त सांगितलं.”

दामिनीला हसता हसता उचकी लागली. बाबा तर स्टिअरिंगवर डोकं टेकून असे हसले की हॉर्न दाबला गेला आणि बांधीतले बगळे उडाले. आईनं दोघांचं होऊ दिलं. मग पदर सारखा केला.

“गाडी अड्याळले घ्या. त्या पोराच्या मायबापाशी बोलाचं आहे.”

“अन् मंडई?” बाबांनी डोळे पुसत विचारलं. “अन् तुह्यं ते नाही म्हणजे नाही?”

“पोट्टीनं त्याले तोंडावर तरी विचारलं,” आई म्हणाली. “मले खड्ड्यात बसून विचारा लागलं.”