काहीही आढळले नाही

"शून्य!" धाकटी ओरडलीच. "ताई, शून्य आलं! सुटलीस तू!"

वाचनालयातल्या चार माना वळल्या. ग्रंथपालबाईंनी एका हाताचं बोट ओठांवर ठेवलं आणि दुसऱ्या हातानं शिक्का उचलला.

प्रबंध जमा करायची मुदत पाचपर्यंत होती. आज हुकली की पुढची थेट सहा महिन्यांनी. आणि घड्याळात चार वाजून गेले होते. गोगलगाई कोरड्या दिवसांत शंखाचं तोंड बंद करून किती काळ तग धरतात, यावर ताईनं चार वर्षं घालवली होती. 'जास्तीत जास्त चौदा महिने. ही नोंद प्रथमच,' असं तिनं प्रबंधात लिहिलं होतं. पण आधी कुणी असं छापलेलं नाही, असा ग्रंथपालांचा दाखला लागायचा. त्याशिवाय कार्यालय प्रबंधाला हात लावत नसे. दाखल्यावरचे सगळे रकाने भरले होते. चिनी नियतकालिकांच्या ऑनलाइन साठ्याचा तेवढा राहिला होता, आणि बाई काही सोडणाऱ्यातल्या नव्हत्या.

ताईचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. "मॅडम, बघितलंत ना? मारा ना शिक्का."

"थांब, हे काय गं?" धाकटीनं पडद्यावर बोट टेकवलं. शोधाच्या चौकटीखाली एका चौकोनात बरोबरची खूण होती. तिनं मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरला, भाषांतर उमटलं. "'फक्त प्रमुख नियतकालिके.' म्हणजे बाकीच्यांना दारातच उभं केलंय! किती तो भाव खायचा!" आणि ताईनं हात धरायच्या आत तिनं ती खूण काढून टाकली.

शून्याचा एक झाला.

कुठल्याशा छोट्या अध्यापक विद्यालयाच्या अंकातला लेख. एकोणीस वर्षांपूर्वीचा, सहा पानी. लिहिणारा शाळेत शिकवणारा. तिसऱ्या पानावर आलेख होता आणि त्याला भाषांतर लागतच नव्हतं. ताईच्या आलेखासारखाच तो खाली उतरत होता, फक्त चौदावर न थांबता बावीसपर्यंत गेला होता.

ताईनं तिच्या मार्गदर्शक सरांना फोन लावला आणि लेखाचं सांगितलं. धाकटीनं पलीकडून कान चिकटवला.

"तुला चिनी येतं?" सरांनी विचारलं.

"नाही, सर."

"मला येतं? परीक्षकांना येतं? मग झालं तर. ती खूण होती तशी कर, शून्य दाखव, शिक्का घे आणि ये. मी कार्यालयाच्या दारातच उभा आहे."

ताईनं खूण पुन्हा लावली. एकाचं शून्य झालं. तिनं बाईंकडे बघायचं टाळलं.

"मी बघितलंय हं सगळं," बाई म्हणाल्या. "पण शोध तुझा. 'काहीही आढळले नाही' असं तू लिही, खाली सही कर. मग मी शिक्का मारते."

ताईनं पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. 'काहीही' लिहून झालं.

धाकटीचं मात्र चाललंच होतं. तिनं सहाही पानांचे फोटो काढून ठेवले होते आणि आता भाषांतर अडखळत वाचत होती. "हा माणूस भारी आहे गं. ऐक ना. 'नऊ मृत समजल्या. टाकून द्यायला विसरलो.' विसरला म्हणे! आपल्याच घरातला वाटतोय."

"गप बस जरा."

"अगं, पुढे ऐक तरी. 'पहिल्या पाण्यानं उठत नाहीत. रोज पाणी दिले. तिसऱ्या दिवशी नऊपैकी चार चालू लागल्या.'" धाकटीनं मान वर केली. "तुझ्या किती मेल्या होत्या चौदाव्या महिन्यात?"

ताईचं पेन थांबलं. "अकरा."

"आणि तू त्यांना किती वेळ भिजवलं होतंस?"

ताईनं पेन खाली ठेवलं.

"ताई, किती?"

"एक तास."

"एकच तास? अगं, मला सकाळी उठवायला आईला त्याहून जास्त लागतो!" धाकटी हसली आणि हसता हसताच थांबली. "फेकल्यास?"

"नाही. डबीत आहेत. प्रयोगशाळेतल्या कपाटात."

खुर्ची मागे सरकली ती पडलीच. बाईंचा शिक्का हवेत राहिला.

दोघी दोन-दोन पायऱ्या गाळत खाली पळाल्या. कपाटाची किल्ली दोनदा उलटी लागली. डबीच्या झाकणावर ताईच्याच नेटक्या अक्षरात 'मृत' अशी चिठ्ठी होती. तिनं टेबलावर टिपकागद पसरला आणि अकरा शंख एकेक करून मांडले. धाकटीनं दप्तरातली पाण्याची बाटली उघडून तळहातावर पाणी घेतलं.

"हळू," ताई म्हणाली. "थेंब थेंब टाक."

"आणि प्रबंध? पाचला दहा कमी आहेत."

ताई वाकून शंखांकडेच बघत होती.

तेवढ्यात टेबलावर ठेवलेला फोन थरथरायला लागला. सरांचा. त्याबरोबर टेबल थरथरलं, आणि ओल्या कागदावरचे अकराच्या अकरा शंख हलायला लागले.

ताईनं झडप घालून फोन उचलला आणि बंद करून टाकला. मग श्वास रोखून दोघी पुन्हा खाली वाकल्या.